अपग्रेडनंतर संगणक वारंवार हँग होतो तेव्हा: एका जुन्या मशीनवरचा छडा

टास्कबारवरचे घड्याळ 4:12 दाखवत होते आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच होऊन गेले होते. मी चहा घेऊन खोलीत परतलो तेव्हा पडद्यावर सारे काही जागच्या जागी होते, पंखे फिरत होते, कॅबिनेटवरचा दिवाही लागलेला होता. परंतु माऊस हलत नव्हता, आणि कॅप्स लॉकची कळ कितीही वेळा दाबली तरी कळफलकावरचा तिचा दिवा लागत नव्हता. निळा पडदा आला नव्हता, कोणता संदेशही नव्हता. पॉवरचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी असे तीन नवे भाग बसवल्याला तेव्हा तीनच दिवस झाले होते. पुढच्या दोन आठवड्यांत हा प्रकार एकूण अकरा वेळा घडला.

हे मशीन 2018 साली जुळवलेले आहे. त्यात बी450 चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन 5 2600 हा प्रोसेसर, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर4 3200 रॅम, 240 जीबीची साटा एसएसडी, दोन टीबीची हार्ड डिस्क आणि त्याहूनही आधीच्या मशीनमधून काढून लावलेला 450 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, होता. माझे काम पुस्तकांच्या मांडणीचे असून अधूनमधून व्हिडिओ संपादनही करावे लागते, म्हणून मी रायझन 5 5600, सोळा-सोळा जीबीच्या आणखी दोन रॅम आणि एक टीबीची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारी, अधिक वेगवान) एसएसडी घेतली. ग्राफिक्स कार्ड जुनेच ठेवले. तिन्ही भाग एकाच रविवारी दुपारी बसवले, आणि पहिली चूक तिथेच झाली. एकेक भाग बसवून मध्ये चार दिवस जाऊ दिले असते, तर पुढचा बराचसा मनस्ताप वाचला असता.

हँग झाला म्हणजे नेमके काय झाले

दुरुस्तीच्या दुकानात आपण 'हँग होतो' एवढेच सांगतो, परंतु त्या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. पुन्हा हँग होईल तेव्हा घाईने बटण दाबू नये. मिनिटभर थांबून पाहावे. कॅप्स लॉकचा दिवा कळेनुसार लागत-विझत असेल आणि चालू असलेले गाणेही पुढे सरकत असेल, तर संगणक जिवंत असून केवळ चित्र अडकलेले आहे, आणि संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर जातो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा पडदा हलू लागतो. दुसऱ्या प्रकारात माऊसचा बाण फिरतो, उघडी असलेली खिडकी सरकवताही येते, परंतु नवे काही उघडत नाही आणि थोड्या वेळाने सारे एकदम सुटते. हे बहुधा डिस्क उत्तर देत नसल्याचे लक्षण असते. तिसरा प्रकार म्हणजे वर सांगितलेला: दिवा नाही, बाण नाही, आवाजही थांबलेला, किंवा एखादाच स्वर कर्कशपणे घुमत राहिलेला. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून त्याला पिंग केले (नेटवर्कवरून हाक दिली) तरी उत्तर येत नाही. या तिसऱ्या प्रकारात रॅम, प्रोसेसर, वीजपुरवठा आणि बायोस (मदरबोर्डवरची, संगणक सुरू करणारी प्रणाली) यांच्यापैकीच कोणीतरी दोषी असण्याची शक्यता मोठी असते, आणि विंडोज पुन्हा टाकून हाती बहुतेक वेळा काहीच लागत नाही. मी स्वतः ती टाकून एक अख्खा दिवस घालवला होता, हे इथेच कबूल करतो.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'सिस्टम' या नोंदवहीत पाहिले, तर प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर 41 ही लाल खुणेची नोंद दिसे. तिचा अर्थ पुष्कळांना 'पॉवर खराब आहे' असा वाटतो आणि ते तडक नवा एसएमपीएस आणायला निघतात. वास्तविक ही नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. ती तर आपणच बटण दाबून बंद केलेली असते. त्या नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्यावरचा चूक-क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला निळा पडदा दाखवण्याइतकीही उसंत मिळाली नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. 6008 क्रमांकाची नोंद संगणक शेवटचा केव्हा जिवंत होता याची साधारण वेळ देते आणि ती मात्र उपयोगी पडते. व्हिया-लॉगर या नावाच्या नोंदी असतील, तर हार्डवेअरने स्वतःहून चूक कळवलेली आहे असे समजावे. स्टोरएनव्हीएमई किंवा स्टोरएएचसीआय या नावाने 129 क्रमांकाच्या नोंदी असतील, तर डिस्कला पुनःपुन्हा जागे करावे लागत आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकून सावरला असेल, तर 4101 ही नोंद मिळते. माझ्याकडे 41 आणि 6008 यांच्याखेरीज काहीही नव्हते, आणि पुढे समजले त्याप्रमाणे ती शांतता हाच एक पुरावा होता.

वहीतले दोन रकाने

अशा दुखण्यात सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे शाळेची साधी वही. प्रत्येक वेळी मी तारीख, 6008 मधली वेळ आणि त्या क्षणी मशीनवर काय चालले होते एवढेच लिहीत गेलो. अकरा नोंदी झाल्यावर त्यांचे दोन गट आपोआप पडले. चार वेळा मशीन भरपूर कामात असताना थिजले होते: तीनदा व्हिडिओ निर्यात होत असताना आणि एकदा चारशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ तयार होत असताना. उरलेल्या सात वेळा ते अगदी निवांत होते. मी जेवायला गेलो होतो, फोनवर बोलत होतो, किंवा नुसता मजकूर वाचत बसलो होतो. भार वाढल्यावर मशीन थिजते असे गृहीत धरून मी आठवडाभर तापमानाच्या मागे लागलो होतो. 5600 या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा 90 अंश सेल्सिअस आहे आणि माझे मशीन सत्तरीच्या पुढे जातच नव्हते. शिवाय फार तापलेला प्रोसेसर आधी आपला वेग उतरवतो आणि अगदीच टोक गाठले तर मशीन बंद करतो, तेव्हा गुपचूप थिजणे हे त्याचे नेहमीचे वागणे नव्हे. काम नसताना थिजणे आणि कामात थिजणे ही दोन वेगवेगळी दुखणी असू शकतात, हे वहीतले दोन रकाने शेजारीशेजारी पाहिल्यावरच सुचले.

मग वहीच्या पुढच्या पानावर 'काय काय बदलले' अशी यादी केली. पहिल्या झटक्यात बिलावरचे तीनच भाग लिहिले. पुन्हा विचार करून लिहू लागलो तेव्हा यादी दुप्पट झाली. नवा प्रोसेसर चालावा म्हणून आधी बायोस अद्ययावत केले होते; एएमडीने 400 मालिकेच्या बोर्डांसाठी रायझन 5000 चा पाठिंबा 2021 पासून खुला केला, आणि 2018 च्या बायोसवर हा प्रोसेसर सुरूच झाला नसता. बायोस बदलताना जुन्या साऱ्या सेटिंग पुसल्या जाऊन कारखान्यातल्या मूळ सेटिंग आल्या होत्या. थर्मल पेस्ट बदलली होती. जुनी हार्ड डिस्क काढून बाहेरच्या यूएसबी डबीत घातली होती. रॅमच्या चारही खाचा प्रथमच भरल्या होत्या. जे विकत आणले ते लक्षात राहते, परंतु जे काढून ठेवले आणि जे पुसले गेले त्याची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. आणि माझ्या दोन दुखण्यांपैकी मोठ्या दुखण्याचे मूळ त्या विसरलेल्या भागातच होते.

पुढे जाण्यापूर्वी एक इशारा. असे मशीन चालू ठेवून त्यावर बॅकअप घेणे, डिस्क क्लोन करणे किंवा बायोस पुन्हा टाकणे धोक्याचे असते. रॅममधला एखादा बिट उलटला तर संगणक थिजतोच असे नाही. तो गुपचूप चुकीचा मजकूर डिस्कवर लिहून मोकळा होतो. माझ्याकडे त्या पंधरवड्यात पाठवलेली एक पीडीएफ उघडतच नाही, असा छापखान्यातून फोन आला, आणि पाहतो तर माझ्या डिस्कवरची मूळ फाइलसुद्धा बिघडलेली होती. त्यामुळे आधी रॅमचा वेग मूळ पातळीवर आणावा, मग कामाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात, आणि नंतरच प्रयोगांना हात घालावा.

कामात थिजणे: चार रॅम आणि एक एक्सएमपी

रॅमच्या चाचणीसाठी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ रात्रभर चालवले. सकाळी चार फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या आणि चुकांच्या रकान्यात शून्य होते. इथे बहुतेक जण रॅमला निर्दोष ठरवतात, आणि मीही ठरवले. परंतु ही चाचणी चालू असताना प्रोसेसर पूर्ण ताकदीने राबत नसतो, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांची ये-जा नसते, आणि कॅबिनेटमधली हवाही तितकी तापलेली नसते. चाचणीत चूक सापडली तर रॅमची बाजू नक्की दोषी, परंतु चूक सापडली नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही. प्राइम95 या ताण-चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये 'लार्ज एफएफटी' हा प्रकार निवडून चालवल्यावर चाळीस मिनिटांत समांतर चालणाऱ्या बारा धाग्यांपैकी एक थांबला. राउंडिंगची चूक 0.4 पेक्षा कमी अपेक्षित असताना 0.5 आली, असा लाल संदेश त्याच्या खिडकीत होता. 'स्मॉल एफएफटी' हा प्रकार मात्र तीन तास निर्वेध चालला. पहिला प्रकार रॅम आणि तिचा नियंत्रक यांना पिळतो, तर दुसरा मुख्यतः प्रोसेसर आणि त्याच्या आतली कॅश यांना; म्हणजे बोट कोणाकडे आहे ते स्पष्ट झाले.

त्यानंतर जुनी जोडी काढून नवी एकटी 3200 वर चालवली, आणि मग नवी काढून जुनी एकटी चालवली. दोन्ही वेळा आठ-आठ तास एकही चूक आली नाही. चारही एकत्र बसवल्या की तासाभरात चूक हजर. थोडक्यात, चारांपैकी एकही रॅम नादुरुस्त नव्हती, आणि दुकानदाराने एकेक लावून पाहून 'रॅम ओके आहे, साहेब' असे सांगितले होते, ते त्याच्या परीने खरेच होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रॅमचा नियंत्रक आता मदरबोर्डवर नसून प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याच्याकडे दोन वाहिन्या असतात. प्रत्येक वाहिनीवर एकच रॅम असताना विजेचे संकेत स्वच्छ जातात. दुसरी रॅम आली, आणि त्यातही तिच्यावर चिपांच्या दोन रँक (स्वतंत्र गट) असल्या, की त्याच तारेवरचे ओझे वाढते. या प्रोसेसरसाठी एएमडीने दोन रॅमना 3200 चा वेग मान्य केला आहे, परंतु चारही खाचांत दोन-रँकच्या रॅम असतील तर मान्य वेग 2667 पर्यंत उतरतो. बॉक्सवर 3200 छापलेले असले, तरी ते पुष्कळदा एक्सएमपीचे, म्हणजे रॅममध्ये साठवलेल्या ओव्हरक्लॉकच्या (मानकापेक्षा वाढवलेल्या वेगाच्या) सेटिंगचे असते: मूळ मानकाप्रमाणे डीडीआर4 ला 1.2 व्होल्ट लागतात आणि एक्सएमपी चालू केले की बहुतेक रॅमना 1.35 व्होल्ट दिले जातात. दोन वेगवेगळ्या जोड्यांचे छापील आकडे सारखे असले, तरी आतल्या चिपा आणि बारीकसारीक टायमिंग निराळ्या असतात, आणि बोर्ड त्यातल्या एकाच जोडीची प्रोफाइल चारही रॅमना लावून मोकळा होतो. नव्या पिढीत ही दरी आणखी रुंदावली आहे. रायझन 7000 मालिकेत दोन डीडीआर5 रॅमसाठी मान्य वेग 5200 आहे आणि चार रॅमसाठी 3600.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. चारही रॅम ठेवून वेग 2666 वर आणला तर 48 जीबी मिळत होते आणि प्राइम95 रात्रभर शांत चालत होता. जुनी जोडी काढली तर 32 जीबी आणि पूर्ण 3200 चा वेग. मी दुसरी वाट घेतली, कारण माझ्या कामाला 32 जीबी पुरतात. ज्यांना खरोखरच जास्त जागा हवी आहे त्यांनी हवी तेवढी क्षमता एकाच डब्यातल्या जोडीत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनीत नवी मिसळून वाचलेले पैसे वेळाच्या रूपाने परत द्यावे लागतात. दोनच रॅम असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर हीच जागा असते, तरी बोर्डाचे माहितीपत्रक पाहावे.

जाता जाता खोडरबराबद्दल. आपल्याकडे रॅमचे सोनेरी दात खोडरबराने घासून लावायची जुनी रीत आहे आणि तिने गुण येतो हेही खरे, परंतु तो गुण बहुधा रॅम काढून पुन्हा नीट दाबून बसवल्याचा असतो. त्या दातांवरचा मुलामा फार पातळ असतो, आणि रबराचा चुरा खाचेत पडला तर नवेच दुखणे सुरू होते. किनारपट्टीच्या दमट हवेत दात काळवंडले असतील, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरते.

काम नसताना थिजणे

रॅमचा निकाल लागल्यावर मशीन कामात एकदाही अडले नाही. परंतु तिसऱ्या दिवशी रात्री, मी पंचांगातल्या एका तिथीचा पडताळा पाहत नुसता बसलो असताना, ते पुन्हा थिजले. वहीत दोन रकाने केले नसते, तर रॅमचा उपाय फसला असे समजून मी जुन्या मार्गावर परत गेलो असतो. आता दोन दुखण्यांपैकी एक उतरले आहे आणि दुसरे जसेच्या तसे आहे, हे दिसत होते.

विंडोजला बाजूला काढण्यासाठी पेन ड्राइव्हवरून उबुंटू सुरू केले आणि सेकंद काटा दाखवणारे घड्याळ पडद्यावर ठेवून झोपी गेलो. पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री घड्याळ 2:51:07 वर थांबले. विंडोज, तिचे ड्रायव्हर आणि एसएसडीवरची प्रत्येक फाइल या एका आकड्याने निर्दोष ठरली.

काम नसताना प्रोसेसर स्वस्थ बसत नाही, तो झोपतो, आणि त्या झोपेच्या पायऱ्या असतात. सी6 या खोल पायरीवर कोअरचा (प्रोसेसरमधल्या एकेका गाभ्याचा) वीजपुरवठाच तोडला जातो, आणि सगळे कोअर एकदम झोपले की 12 व्होल्टच्या तारेवरचा प्रवाह अत्यल्प होतो. जुने एसएमपीएस भार वाढला तर सांभाळून घेतात, परंतु भार जवळजवळ नाहीसा झाला की त्यांच्यातले काही डगमगतात. हा प्रश्न प्रथम 2013 साली इंटेलच्या हॅस्वेल पिढीच्या वेळी गाजला. त्या प्रोसेसरांच्या खोल झोपेत 12 व्होल्टवरची गरज 0.05 अँपिअरपर्यंत उतरत असे, तर तोवरच्या एसएमपीएसांनी निदान 0.5 अँपिअरचा भार गृहीत धरलेला होता. त्यानंतर एसएमपीएसच्या खोक्यांवर 'हॅस्वेल रेडी' असे छापून येऊ लागले. एएमडीच्या एएम4 (माझ्या बोर्डावरच्या प्रोसेसर-खाचेचा प्रकार) बोर्डांच्या बायोसमध्ये यासाठी 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाची एक सेटिंग असते. ती सहसा 'ॲडव्हान्स्ड'च्या आत 'एएमडी सीबीएस' या उपविभागात सापडते. तिथे 'ऑटो'ऐवजी 'टिपिकल करंट आयडल' निवडले की प्रोसेसर त्या अगदी खोल झोपेत जात नाही. मोबदल्यात रिकाम्या मशीनची वीज काही वॅटनी वाढते, एवढेच.

ही सेटिंग शोधताना मला आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत राहिले. फोनमधल्या जुन्या छायाचित्रांत 2018 सालचा एक फोटो निघाला: बायोसचा निळसर पडदा, त्यावर 'टिपिकल करंट आयडल' ही ओळ उजळलेली, आणि कडेला माझा अंगठा. हेच मशीन नवे असताना असेच थिजत होते, मीच ते त्या वेळी दुरुस्त केले होते, आणि नंतर पार विसरलो होतो. नवे बायोस टाकताना ती ओळ पुसली गेली आणि सहा-सात वर्षे झाकलेला दोष उघडा पडला. भरीला मी हार्ड डिस्क काढली होती. फिरणाऱ्या डिस्कची मोटर 12 व्होल्टवर चालते आणि तेवढाच एक कायमचा भार त्या तारेवर ठेवते. एनव्हीएमई एसएसडीची वीज 3.3 व्होल्टवरून येते. डिस्कचा या प्रकरणातला वाटा नेमका किती, हे मी वेगळे मोजलेले नाही, तो माझा तर्क आहे. सेटिंगचा वाटा मात्र मोजला.

मोजण्याची रीत सांगतो, कारण बहुतेक दुरुस्त्या याच टप्प्यावर फसतात. माझे मशीन निवांत असताना सरासरी दोन दिवसांतून एकदा थिजत होते. असा प्रकार केव्हाही, अनियमितपणे घडत असेल, तर काहीही न करतासुद्धा दोन दिवस सुरळीत जाण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. म्हणजे उपाय करून दोन दिवस वाट पाहिली आणि 'जमले' म्हटले, तर तीनांतून एकदा तरी आपण स्वतःची फसवणूक करतो. सहा दिवस थांबले तर ही शक्यता पाच टक्क्यांवर येते. म्हणून सरासरी अंतराच्या तिप्पट काळ थांबल्याशिवाय कोणताही उपाय लागू पडला असे मानू नये, आणि त्या काळात दुसरे काहीही बदलू नये. मी 'टिपिकल' करून आठ दिवस मशीन चालू ठेवले आणि ते एकदाही थिजले नाही. मग मुद्दाम 'ऑटो' केले. दुसऱ्या संध्याकाळी थिजले. पुन्हा 'टिपिकल', पुन्हा शांतता. पुढच्या महिन्यात एसएमपीएस बदलून 550 वॅटचा नवा लावला आणि सेटिंग 'ऑटो'वरच ठेवली. बारा दिवस काही झाले नाही, तेव्हा जुन्या एसएमपीएसला निरोप दिला.

माझ्याकडे नसलेली, पण तुमच्याकडे असू शकणारी कारणे

सेकंद-दोन सेकंद अडखळून, आवाज तुटून संगणक पुन्हा चालू लागत असेल आणि प्रोसेसर रायझन असेल, तर एफटीपीएमकडे (प्रोसेसरच्या फर्मवेअरमधल्या सुरक्षेच्या सोयीकडे) पाहावे. विंडोज 11 साठी ते चालू केल्यावर काही मशीनवर असे झटके येत असल्याचे एएमडीने मार्च 2022 मध्ये मान्य केले आणि एजीसा या बायोसमधल्या एएमडीच्या मूळ कोडच्या 1.2.0.7 आवृत्तीपासून पुढच्या बायोसमध्ये त्यावर उपाय दिला. बायोस बदलण्याआधी किंवा एफटीपीएमला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, अन्यथा स्वतःच्याच डिस्कबाहेर उभे राहायची पाळी येते.

इंटेलचे तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घेतलेल्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याने तो हळूहळू खराब होऊ शकतो, हे इंटेलने 2024 मध्ये जाहीर केले, त्याच वर्षी 0एक्स129 आणि नंतर 0एक्स12बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले, आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नव्या बायोसने पुढचे नुकसान टळते, परंतु जो प्रोसेसर आधीच बिघडला आहे तो सुधारत नाही. तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो.

ग्राफिक्स कार्ड बदलले असेल तर तारांचा हिशेब करावा. बोर्डाच्या खाचेतून 75 वॅट आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून 150 वॅट हे मानक आहे. दोन जोडण्या लागणाऱ्या कार्डाला एकाच तारेची दोन टोके न लावता एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र तारा द्याव्यात. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकावा. एनव्हीएमईच्या बाबतीत तिचे फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) अद्ययावत आहे का पाहावे, आणि पॉवर ऑप्शनमधले 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करून पाहावे. शिवाय काही बोर्डांवर एम.2 ची (एनव्हीएमई एसएसडी बसते ती) खाच भरली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, त्यामुळे जुनी डिस्क गायब झाली म्हणून ती फेकून देऊ नये.

एएम4 प्रोसेसर बदलताना जुनी पेस्ट घट्ट झालेली असेल तर कूलर ओढताच प्रोसेसर खाचेतून उपटून येतो. त्याला 1331 नाजूक पिना असतात, आणि त्यातली एखादी वाकली तर रॅमची एक वाहिनी नाहीशी होण्यासारखे विचित्र प्रकार घडतात. आधी दहा मिनिटे मशीन चालवून कोमट करावे, बंद करावे, आणि कूलर किंचित फिरवत उचलावा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर यातले काहीही करण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. आणि विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना 'शट डाउन' केलेली विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि जुन्या हार्डवेअरच्या आठवणी घेऊन उठते.

आता मशीनमध्ये दोनच रॅम आहेत, वेग 3200, एसएमपीएस नवा. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून त्या सेटिंग एका कागदावर लिहिल्या आहेत, खाली बायोसची आवृत्ती आणि तारीख घातली आहे, आणि तो कागद कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवला आहे. म्हणजे पुढच्या वेळी स्क्रू काढून पत्रा बाजूला केला, की पहिल्यांदा तोच समोर येईल.